बसलेले पाटे, खचलेली कॉन्टेसा

१९६४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे इंजिन बसवून जीटीओ हे मॉडेल विक्रीस काढले, आणि त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत लांब बॉनेटच्या, सरळ रस्त्यावर सुसाट सुटणाऱ्या पण वळणावर बेताच्याच भरवशाच्या अशा गाड्यांची जी जात तिकडे फोफावली तिला 'मसल कार' असे नाव पडले. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे या गाड्या त्या काळात भारतात जवळजवळ आल्याच नाहीत, आणि हौशी मंडळींच्या मनातील त्यांची जागा पुढे हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाने घेतली. इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर मालिकेतील, तिकडे बंद झालेल्या गाडीचे साचे आणून १९८४ पासून विकली गेलेली ही गाडी प्रारंभी अँबॅसॅडरच्याच १४८९ घनसेंटिमीटरच्या, जेमतेम ५० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालत असे. नंतर इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर ती 'कॉन्टेसा क्लासिक' झाली आणि ८८ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. जीटीओच्या साध्या आवृत्तीची घोषित शक्ती ३२५ होती हे लक्षात घेतले, तर कॉन्टेसाचे बळ तिच्या पत्र्याच्या घडणीतच अधिक होते असे म्हणावे लागते. तरीही २००२ मध्ये उत्पादन थांबल्यानंतर तिला मिळालेली 'भारताची मसल कार' ही पदवी आजतागायत टिकून आहे.

या गाड्यांचे वय आता बरेच झाले आहे, आणि वय झालेल्या गाडीचे पहिले दृश्य लक्षण पुष्कळदा इंजिनात नव्हे तर तिच्या उभे राहण्याच्या ढबीत दिसते: मागची चाके मडगार्डच्या आत अधिक शिरलेली असतात, डिकीचा भाग जमिनीकडे झुकतो आणि नाक किंचित वर उचलले जाते. 'गाडी मागून बसली' असे मालक म्हणतो, मेकॅनिकही तेच म्हणतो, आणि दोघांचेही बोट बहुधा प्रथम शॉक अब्सॉर्बरकडे, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील 'शॉकअप'कडे जाते. हे निदान बहुतेक वेळा चुकते, कारण गाडी उचलून धरणे हे शॉकअपचे कामच नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर बराच वेळ वरखाली होत राहील. ही हालचाल, अरुंद छिद्रांतून तेल ढकलावे लागण्याच्या विरोधाने, एक-दोन हेलकाव्यांत संपवणे एवढीच शॉकअपची जबाबदारी असते. दाबाखाली वायू भरलेला शॉकअप बसवला की गाडी थोडीशी वर येते खरी, पण तेवढ्याने मूळ दोष झाकला जातो, जात नाही. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि म्हणून बसते तीही स्प्रिंगच.

स्प्रिंग बसते म्हणजे नेमके काय होते, याविषयीचा समज मात्र जाणकारांतही पुष्कळदा उलटा असतो. वापराने स्प्रिंग 'मऊ' झाली असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक पोलादाची स्प्रिंग वयानुसार मऊ होत नाही. स्प्रिंगची ताठरता, म्हणजे तिला एक मिलिमीटर दाबण्यास लागणारा भार, दोनच गोष्टींवर अवलंबून असते: तिचे आकारमान आणि पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक, आणि हा गुणांक वर्षानुवर्षांच्या वापराने बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी उंची, म्हणजे भार नसताना तिचा जो आकार असतो तो. समजा, एका मागच्या स्प्रिंगवर २५० किलो भार आहे आणि तिची ताठरता दर मिलिमीटरला अडीच किलो आहे, तर ती तिच्या मोकळ्या आकारापासून १०० मिलिमीटर दबून स्थिर होईल. मोकळी उंची कालांतराने ४० मिलिमीटरने घटली, तरी ती पूर्वीइतकीच १०० मिलिमीटर दबणार, फक्त हे दबणे खालच्या पातळीवरून सुरू होणार असल्याने गाडी तेवढी ४० मिलिमीटर खाली उभी राहणार. गंजाने किंवा झिजेने पोलाद पातळ झाले, किंवा एखादा पाटा तुटला, तरच ताठरता खरोखर कमी होते.

हा भेद पंडिती वाटला तरी दुरुस्तीचा सगळा विचार त्यावर उभा आहे. हरवलेली गोष्ट उंची आहे, ताठरता नव्हे. म्हणून उंची परत देणारा उपाय खरा आणि ताठरता वाढवून गाडी वर उचलणारा उपाय हा वेगळाच बदल, मग तो गॅरेजमध्ये कितीही सहजपणे 'दुरुस्ती' या नावाखाली होत असो.

उंची हरवते ती भाराने. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकवले तर सोडल्यावर पूर्ववत होते आणि त्या मर्यादेपलीकडे गेले तर थोडेसे वाकलेलेच राहते. भरल्या गाडीने खोल खड्डा खाल्ला की स्प्रिंगचा काही भाग क्षणभर ही मर्यादा ओलांडतो. शिवाय मर्यादेच्या आत पण तिच्या जवळपास वर्षानुवर्षे ताणाखाली राहिलेले पोलादही अगदी सावकाश ढळत जाते. हे ओळखून कारखान्यात नवी स्प्रिंग गाडीला लागण्याआधीच तिच्या कामाच्या मर्यादेपलीकडे मुद्दाम दाबून काढतात, जेणेकरून बसायची तेवढी ती तिथेच बसून घेते. आणि पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून तिच्या पृष्ठभागात दाब साठवतात, ज्यामुळे ताणाने चिरा पडणे लांबते. भारतात या नैसर्गिक ढळण्यात गॅसच्या टाकीची भर पडते. पेट्रोल परवडेना म्हणून डिकीत बसवलेली सीएनजीची पोलादी टाकी सहज पन्नास-साठ किलोंची असते, आणि ती मागच्या आसाच्याही मागे बसत असल्यामुळे तरफेच्या नियमाने तिच्या वजनापेक्षा अधिक भार मागच्या स्प्रिंगांवर येतो. वरच्या उदाहरणातील गाडी तेवढ्यानेच १२ ते १५ मिलिमीटर खाली जाईल. अशा गाडीत स्प्रिंग बसलेली नसतेच, तिच्यावरचे ओझे वाढलेले असते, आणि त्यावरचा विचारही निराळा करावा लागतो.

मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांचे मुख्य प्रकार दोन, पाट्यांचा आणि गुंडाळीचा. त्यांतला जुना म्हणजे पाट्यांचा: पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या लांबीच्या उतरत्या क्रमाने एकाखाली एक रचून मधोमध एका बोल्टने बांधलेली कमान. लंडनच्या ओबादाया एलियट या घोडागाडी बांधणाऱ्याने १८०४ मध्ये अशा कमानींवर टांगलेल्या गाडीसाठी एकस्व मागितले. पुढे त्याच कमानी टांग्याखाली आल्या, रेल्वेच्या डब्यांखाली आल्या आणि अखेर मालमोटारीखाली येऊन राहिल्या. कमानी घडवण्याच्या या कारागिरीचा परिचय, उदाहरणार्थ, हुबळीसारख्या गावाला मोटारीच्या आधीपासून आहे, कारण सदर्न मराठा रेल्वेने आपली कर्मशाळा १८८० च्या दशकातच तेथे उभारली. पुढे पुणे–बेंगळुरू रस्ता आणि घाट उतरून अंकोल्याला, म्हणजे समुद्राकडे, जाणारा रस्ता ज्या गावी भेटतात ते गाव मालवाहतुकीचे मोठे ठाणे झाले यात नवल नाही.   अशा गावात एखादी जुनी अँबॅसॅडर मागून बसली, तर तिच्या दुखण्यावरचा उतारा तिला ट्रकचे पाटे तापवणाऱ्या भट्टीवर मिळण्याचा संभव अधिक.

अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्या मागे पाट्यांवरच उभ्या असत. पद्मिनी ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, त्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी केली होती. म्हणजे डॉज आणि प्लिमथ या ज्या नावांखाली पुढे १९६० च्या दशकात अस्सल मसल कार निघाल्या, त्याच नावांच्या मोटारी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडल्या जात होत्या. क्रायस्लरच्या या मसल कार, फोर्डची मस्टँग आणि शेव्हरोलेची कॅमारो मागे पाट्यांवर चालत, तर पाँटियाक जीटीओच्या मागे गुंडाळीच्या, म्हणजे कॉइल, स्प्रिंगा होत्या. पाट्यांना तेथे दुहेरी काम पडे, कारण ते केवळ वजन पेलत नसत, तर आसाला जागेवर धरून ठेवण्याची आणि इंजिनाचा पीळ सोसण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असे. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की आस चाकांच्या उलट दिशेला फिरू पाहतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात. हा पीळ सुटताना चाके रस्त्यावर धडधडत उड्या मारतात. म्हणून क्रायस्लरने आस पाट्यांच्या बरोबर मध्यावर न बसवता पुढे सरकवून बसवला, ज्यामुळे पुढचा तुकडा आखूड आणि ताठ राहिला. कॅमारोत तर पहिल्या वर्षी साध्या मॉडेलला एकाच पाट्याची स्प्रिंग होती आणि चाकांच्या या उड्यांना आवर घालण्यासाठी पुढच्याच वर्षी एक शॉकअप आसाच्या पुढे आणि एक मागे अशी मांडणी करावी लागली. अशा गाडीचे पाटे केवळ दिसण्यासाठी उंचावताना हा पीळ कोण सोसणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

दुरुस्तीपूर्वीची मोजणी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ती होत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चारही टायरांत सारखी हवा आणि टाकीत ठरावीक इंधन ठेवून, मागचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडावा, म्हणजे सांध्यांतील रबरी बुश आणि पाट्यांमधील घर्षण यांमुळे अडकलेली उंची मोकळी होते. मग चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना घ्यावे. जमिनीपासून मोजू नये, कारण मग टायरची झीज हिशेबात शिरते. गाडी एका अंगाला कलली असेल तर कोणत्या टोकाची स्प्रिंग दोषी हे डोळ्यांनी कळत नाही, कारण मागच्या उजव्या स्प्रिंगचा दोष पुढच्या डाव्या कोपऱ्यातही उमटतो. अशा वेळी पुढच्या आडव्या तुळईच्या बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाके उचलली की पुढच्या स्प्रिंगांचा कल सावरण्यातला वाटा संपतो, आणि तरीही राहिलेला कल हा मागच्या स्प्रिंगांचाच असतो. याच वेळी पाट्यांच्या डोळ्यांतील, म्हणजे टोकांच्या वळवलेल्या कड्यांतील, रबरी बुश चुरगळले आहेत का आणि एखादा पाटा आतल्या आत चिरला आहे का हेही पाहिले जाते. आणि आसाच्या वर बसवलेले रबर, ज्याला बंप स्टॉप म्हणतात, त्याच्यापर्यंत किती अंतर उरले आहे हे मोजले जाते. गाडी खचण्याचे खरे नुकसान याच अंतरात आहे. ते ८० मिलिमीटरवरून ४० वर आले, तर भरली गाडी प्रत्येक गतिरोधकावर त्या रबरावर आदळते आणि तो दणका स्प्रिंगऐवजी पत्र्याच्या सांध्यांना मिळतो.

पाट्यांवरचा रूढ इलाज म्हणजे 'कमान देणे'. त्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या पद्धतीत पाटे सुटे करून थंड अवस्थेतच घणाने किंवा प्रेसखाली ठोकून वाकवतात. हे काम काही तासांत होते, स्वस्त पडते आणि गाडी झोकात उभी राहते, परंतु थंड पोलाद जबरीने वाकवताना त्यात उलटसुलट ताण साठून राहतात, आणि हे ताण भाराखाली हळूहळू मोकळे होऊ लागले की कमान पुन्हा उतरते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पाटा सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून साच्यावर नवी कमान देतात, मग तेलात विझवून कडक करतात आणि त्यानंतर पुन्हा ४५०–५०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पाट्यांचे पोलाद सामान्यतः सिलिकॉन व मँगेनीज मिसळलेले असते आणि त्याचा चिवटपणा या शेवटच्या पायरीवरच ठरतो. ती वगळली तर पाटा काचेसारखा तडकतो, तीत जास्त तापवला तर मेणासारखा बसतो. रस्त्याकडेच्या भट्टीत तापमान ज्वाळेच्या आणि लोखंडाच्या रंगावरून ओळखले जाते, आणि मुरलेल्या कारागिराचा डोळा या बाबतीत आश्चर्यकारक अचूक असू शकतो. पण ते कौशल्य प्रत्येक भट्टीवर असते असे धरून चालणे धाडसाचे ठरेल. जेथे नवे पाटे मापाबरहुकूम करून मिळतात तेथे तेच घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

आडवाटेचे उपाय पुष्कळ आहेत. सर्वांत लोकप्रिय म्हणजे एक जादा पाटा चढवणे. पाट्यांच्या स्प्रिंगची ताठरता पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात आणि त्यांच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर ताठरता २० टक्क्यांनी वाढते, आणि त्याऐवजी सगळे पाटे फक्त १० टक्के जाड घेतले तर ती ३३ टक्क्यांनी वाढते. गॅसची टाकी कायमची बसलेल्या किंवा सदैव भरून धावणाऱ्या गाडीला हा उपाय शोभतो. पण एकट्या चालकाने फिरवल्या जाणाऱ्या गाडीत त्याचा परिणाम म्हणजे मागच्या आसनावर हाडे खिळखिळी होणे. दुसरा उपाय लांब शॅकलचा. पाटे चपटे होताना त्यांची लांबी वाढते, ती सामावून घेण्यासाठी मागचा डोळा ज्या झुलत्या पट्ट्यांनी बॉडीला जोडलेला असतो त्या पट्ट्या म्हणजे शॅकल. आणि पुढचा डोळा जागचा हलत नसल्यामुळे शॅकल ५० मिलिमीटर लांब केला तरी आसाजवळ उंची साधारण निम्मीच, २५ मिलिमीटर, मिळते. शिवाय लांब शॅकल आडवा डुलतो, त्यामुळे वळणावर गाडीची मागची बाजू बाजूला सरकल्यासारखी वाटते. १९७० च्या दशकात अमेरिकेत शॅकल लांबवून आणि हवा भरण्याचे शॉकअप लावून मसल कारचा पार्श्वभाग हवेत उचलण्याची फॅशन होती; वजन पेलण्यासाठी न बनवलेले शॉकअपचे सांधे त्यापायी अनेक गाड्यांत फाटले.

कॉन्टेसाची गोष्ट याहून वेगळी, कारण तिच्या व्हॉक्सहॉल घराण्यात मागचा सलग आस कॉइल स्प्रिंगांवर उभा असतो, आणि त्याला पुढेमागे धरण्याचे काम दांडे तर आडवे धरण्याचे काम पॅनहार्ड रॉड, म्हणजे एका टोकाने आसाला आणि दुसऱ्याने बॉडीला जोडलेला आडवा दांडा, करतो. कॉइलला कमान देता येत नाही. ती ओढून लांबवणे किंवा गाडीतच गॅसच्या ज्योतीने तापवणे हे दोन्ही प्रकार सरळसरळ घातक, कारण ज्योत लागलेल्या ठिकाणची कडकाई उतरते आणि स्प्रिंग तेथेच खचते किंवा मोडते. वेटोळ्यांमध्ये रबराचे तुकडे कोंबणे हा रस्तोरस्ती दिसणारा उपाय असून त्यामुळे काही वेटोळी निकामी होतात आणि उरलेल्यांवर जादा ताण येतो. योग्य वाट म्हणजे नवी स्प्रिंग, आणि उत्पादन थांबून दोन दशके उलटलेल्या गाडीसाठी ती बहुधा घडवूनच घ्यावी लागते. घडवणाऱ्याला द्यायची मापे म्हणजे तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या, टोकांची घडण आणि मोकळी उंची. यांपैकी तारेच्या जाडीत चूक अजिबात परवडत नाही, कारण ताठरता तिच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते: तार अवघी ५ टक्के जाड झाली तर स्प्रिंग सुमारे २२ टक्के ताठ होते. गंज आणि रंगाचे थर खरवडून तार मोजली नाही तर ही चूक सहज घडते. जुन्या स्प्रिंगची तार आणि वेटोळी तीच ठेवून फक्त मोकळी उंची मूळ मापाइतकी करणे हीच येथे खरी दुरुस्ती. 'जरा दमदार करा' या सूचनेवर जी स्प्रिंग येते ती गाडी उचलते, पण तिच्यावरचा प्रवास टेम्पोचा असतो.

कॉइल बदलताना गाडी भक्कम घोड्यांवर ठेवून, शॉकअप सोडवून, आस जॅकने सावकाश खाली घ्यावा लागतो; दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा हाड मोडण्यास पुरेशी असते, आणि आस लोंबकळताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाऊ नये हे सतत पाहावे लागते. बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना कधीही पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश आवळला जातो त्या स्थितीलाच आपली विश्रांतीची स्थिती मानतो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला तर गाडी जमिनीवर येताच तो कायम पिळलेला राहतो, उंची काही मिलिमीटर खोटी वाढलेली दिसते आणि रबर थोड्याच काळात फाटते. चाके जमिनीवर, पूर्ण वजन स्प्रिंगांवर, आणि मग शेवटचा पाना, हा क्रम मोडणारी गॅरेजे दुर्दैवाने कमी नाहीत.

गाडी मूळ उंचीपेक्षा वर गेली, तर पॅनहार्ड रॉड वर्तुळाच्या कंसात फिरत असल्यामुळे आस एका बाजूला सरकतो आणि एका बाजूचा टायर मडगार्डच्या जवळ येतो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची गती मागच्या आसाकडे नेणारा फिरता दांडा, वेगळ्या कोनात चालू लागल्याने त्याच्या सांध्यांतील क्रॉस लवकर झिजतात आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. कायद्याचाही संबंध येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावले. मूळ उंची परत मिळवणे हा या अर्थाने बदल नव्हे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जाणाऱ्या कॉन्टेसाच्या मालकाला हा फरक उपयोगी पडतो.

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी बसतेच, आणि नव्याने बांधलेल्या पाट्यांचे यू-बोल्ट, म्हणजे आसाला पाट्यांशी जखडणारे कमानीच्या आकाराचे बोल्ट, त्याच काळात सैल पडतात. तेवढे अंतर चालवल्यावर ते पुन्हा आवळून चारही कोपऱ्यांची मापे पुन्हा घेतली जातात. आणि मागची बाजू खचलेली असताना समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जाणारा हेडलाइटचा झोत गाडी भिंतीसमोर उभी करून कायमचा बसवायचा तो या दुसऱ्या मोजणीनंतरच.